ब्लॉकचेनवर चालणारं संगीत ॲप कसं बनतं? गाणं कुठे राहतं, पैसे कुणाला मिळतात आणि चूक झाली तर विचारायचं कुणाला?

जुलै २०१७ मध्ये साउंडक्लाउड या बर्लिनच्या कंपनीने एका फटक्यात १७३ जणांना कामावरून कमी केलं. म्हणजे जवळपास ४० टक्के कर्मचारी. सॅन फ्रान्सिस्को आणि लंडनमधली ऑफिसंही बंद करायचं ठरलं. जगभरातल्या लाखो हौशी आणि धडपड्या कलाकारांनी आपली गाणी या साइटवर फुकट ठेवली होती. कंपनी बुडाली तर ती गाणी, त्यावरच्या कमेंट्स, वर्षानुवर्षं जमवलेले फॉलोअर्स यांचं काय होणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुढच्याच महिन्यात नवी गुंतवणूक मिळाली आणि साउंडक्लाउड वाचलं. पण प्रश्न तसाच राहिला.

याच प्रश्नातून एक कल्पना पुढे आली. गाणी एका कंपनीच्या ताब्यात नसतील, हिशेब सगळ्यांना दिसेल आणि पैसे मधल्या कुणाच्या हातात न जाता थेट कलाकाराला मिळतील असं ॲप बनवता येईल का? त्यासाठी ब्लॉकचेन वापरता येईल का?

असे प्रयत्न झाले आहेत. त्यातलं सगळ्यात जास्त चर्चेत राहिलेलं नाव म्हणजे ऑडियस. हे ॲप नेमकं कसं चालतं, त्यात ब्लॉकचेनचं काम किती, कुठे गडबड झाली आणि भारतात असं काही बनवायचं तर काय अडचणी येतील, हे सविस्तर समजून घेऊया.

नेहमीच्या ॲपमध्ये अडचण काय आहे?

स्पॉटिफायसारख्या ॲपवर तुम्ही महिन्याचे पैसे भरता. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या गल्ल्यात जमा होतात. कंपनी आपला वाटा काढते आणि उरलेली रक्कम कुणाचं गाणं एकूण किती वेळा वाजलं, त्या प्रमाणात वाटली जाते. त्यामुळे तुम्ही महिनाभर एकाच छोट्या कलाकाराला ऐकलंत, तरी तुमचे पैसे सरळ त्याच्याकडे जात नाहीत.

हे पैसे आधी लेबलकडे किंवा वितरकाकडे जातात आणि तिथून कलाकाराकडे. हिशेब कंपनी ठेवते, नियमही कंपनीच ठरवते. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की, मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत वाटा मिळणार नाही. नियम योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण कलाकाराला तो ठरवताना मत नव्हतं, ही गोष्ट खरी.

थोडक्यात तक्रारी तीन आहेत. गाणं दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे, हिशेब दुसऱ्याच्या वहीत आहे आणि नियम दुसऱ्याच्या हातात आहेत.

मग टोरेंट होतंच की!

कंपनीला मधून काढून गाणी वाटण्याची कल्पना नवीन नाही. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं. त्यात गाणी लोकांच्या स्वतःच्या कम्प्युटरवर असायची. पण कोणतं गाणं कुणाकडे आहे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर होती. संगीत कंपन्यांनी खटला भरला, कोर्टाचे आदेश आले आणि जुलै २००१ मध्ये सेवा थांबली. यादी एका जागी होती, म्हणून ती बंद करता आली.

त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणलं. एका फाइलचे तुकडे अनेकांकडून एकाच वेळी उतरवायचे आणि आपल्याकडचे तुकडे इतरांना द्यायचे, अशी ही पद्धत. ती आजही चालते, कारण बंद करायला एक ठिकाण नाही. पण तिच्यात कलाकाराला पैसे मिळण्याची कुठलीच सोय नव्हती. गाणं कुणाचं आहे, याची नोंदही नव्हती.

म्हणजे गाणी वाटण्याचा प्रश्न २००१ मध्येच बऱ्यापैकी सुटला होता. उरला होता नोंदीचा आणि पैशांचा प्रश्न. ब्लॉकचेनकडून अपेक्षा आहे ती इथे.

ब्लॉकचेनचं काम सातबाऱ्याच्या उदाहरणातून

गावातल्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते. जमीन विकली, वारस लागले, कर्ज काढलं की फेरफार होतो. ही वही सरकारी यंत्रणेच्या ताब्यात असते आणि नोंद तलाठ्यामार्फत होते.

आता कल्पना करा की या वहीची एकेक प्रत गावातल्या हजार घरांत आहे. नवी नोंद करायची तर ती सगळ्या प्रतींमध्ये व्हावी लागते आणि बहुतेकांचं एकमत झाल्याशिवाय ती होत नाही. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा एक सांकेतिक ठसा आहे. त्यामुळे जुनं पान गुपचूप बदललं की पुढची सगळी पानं जुळेनाशी होतात आणि चोरी लगेच पकडली जाते. ब्लॉकचेन म्हणजे ही वही.

२००९ मध्ये बिटकॉइनने अशी वही पैशांसाठी वापरली. २०१५ मध्ये इथेरियम आलं आणि त्याने वहीत छोटे प्रोग्राम लिहिण्याची सोय केली. या प्रोग्रामना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. 'पैसे आले की त्यातले ३० टक्के अमुक खात्यात टाक' असं एकदा लिहिलं की ते आपोआप होतं. त्यासाठी बँक लागत नाही, मॅनेजरही लागत नाही.

सातबाऱ्याची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावरून मालकी अंतिमतः सिद्ध होत नाही, असं कोर्टांनी अनेकदा म्हटलं आहे. ती महसुलाची नोंद आहे. नोंद चुकीचीही असू शकते.

गाणं ब्लॉकचेनवर असतं का? नाही, आणि का ते पाहा

'ब्लॉकचेनवरचं संगीत' असं ऐकलं की अनेकांना वाटतं, गाणं त्या साखळीतच साठवलेलं असेल. तसं नसतं. एक साधं गणित करू.

चार मिनिटांचं गाणं चांगल्या दर्जाच्या, म्हणजे ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये साधारण ९६ लाख बाइट्सचं होतं. इथेरियमवर कॉन्ट्रॅक्टमध्ये माहिती ३२ बाइट्सच्या कप्प्यांत ठेवतात. म्हणजे या गाण्याला ३ लाख कप्पे लागतील. एक नवा कप्पा भरायला सुमारे २० हजार 'गॅस' लागतो. गॅस म्हणजे कामाच्या मोजमापाचं एकक, जसं विजेचं युनिट. तर एकूण झाले ६०० कोटी गॅस.

इथेरियमच्या एका ब्लॉकमध्ये २०२१ ते २०२४ या काळात जास्तीत जास्त ३ कोटी गॅसचं काम बसायचं. म्हणजे एका गाण्यासाठी २०० ब्लॉक. दर १२ सेकंदांना एक ब्लॉक धरला तर ४० मिनिटं जगातल्या दुसऱ्या कुणाचाही एकही व्यवहार न होता फक्त तुमचं गाणं अपलोड होत राहील! खर्च? गॅसचा दर १० ग्वे, म्हणजे एका ईथरचा १० कोटीवा भाग धरला, तर ६० ईथर. ईथरचा भाव २,००० डॉलर मानला तरी १ लाख २० हजार डॉलर होतात. हीच फाइल साध्या क्लाउडवर ठेवायला महिन्याला काही पैसे पुरतात.

म्हणून असं प्रत्येक ॲप गाणं एका जागी आणि गाण्याची नोंद दुसऱ्या जागी ठेवतं.

मग गाणं राहतं कुठे?

इथे 'हॅश' ही गोष्ट येते. कुठलीही फाइल एका ठरावीक गणिती यंत्रातून घातली की तिचा एक छोटा क्रमांक मिळतो. प्रचलित एसएचए-२५६ पद्धतीत फाइल कितीही मोठी असो, क्रमांक २५६ बिटांचाच येतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी क्रमांक पूर्ण वेगळा येतो. तो फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा.

नेहमीच्या इंटरनेटवर आपण फाइल पत्त्यावरून शोधतो. अमुक सर्व्हर, अमुक फोल्डर. सर्व्हर बंद पडला की पत्ता गेला. आयपीएफएस नावाच्या यंत्रणेत फाइल तिच्या ठशावरून शोधतात. 'हा ठसा असलेली फाइल कुणाकडे आहे?' असं जाळ्यातल्या कम्प्युटर्सना विचारायचं आणि ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घ्यायची. मिळालेल्या फाइलचा ठसा पुन्हा काढून बघितला की कुणी मधे बदल केला नाही ना, हेही कळतं.

पण यात एक मोठी गल्लत होते. आयपीएफएसवर टाकलं म्हणजे कायमचं राहिलं, असं नाही. कुणीतरी आपल्या कम्प्युटरवर ती फाइल मुद्दाम सांभाळून ठेवली तरच ती राहते. यालाच 'पिनिंग' म्हणतात. कुणीच सांभाळली नाही तर साखळीवर ठसा राहतो आणि गाणं गायब होतं. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये पुस्तकाचं नाव आहे, पण कपाटात पुस्तक नाही, तसं.

म्हणून फाइल सांभाळणाऱ्याला काहीतरी मोबदला द्यावा लागतो. ऑडियसमध्ये हे काम 'कंटेंट नोड' करतात. हे नोड चालवणारे स्वतंत्र लोक किंवा संस्था असतात. त्यांना ऑडिओ नावाचं टोकन अनामत ठेवावं लागतं, नीट काम केल्याबद्दल टोकन मिळतं आणि गैरप्रकार केला तर अनामत कापली जाऊ शकते.

ॲपचे पाच थर

असं ॲप बनवायचं तर ढोबळमानाने पाच भाग लागतात.

१. समोर दिसणारं ॲप. प्ले बटण, सर्च, प्लेलिस्ट. हा भाग कुठल्याही म्युझिक ॲपसारखाच. ऐकणाऱ्याला मागे ब्लॉकचेन आहे हे कळलंच नाही, तर ॲप चांगलं बनलं असं समजा.

२. ओळख आणि वॉलेट. साखळीवर तुमची ओळख म्हणजे एक गुप्त किल्ली. ती हरवली की खातं गेलं, 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नाही. ऑडियसने यावर तोडगा म्हणून ई-मेल आणि पासवर्डने लॉग-इन ठेवलं आणि किल्ली मागच्या मागे तयार केली. वापरणं सोपं झालं. पण किल्ली पूर्णपणे वापरकर्त्याच्याच हातात, हा कडक नियम तेवढा सैल झाला.

३. फाइलींची साठवण. वर सांगितलेले नोड. अपलोड केलेलं गाणं इथे एमपी३ मध्ये बदललं जातं, त्याच्या एकापेक्षा जास्त प्रती वेगवेगळ्या नोडवर जातात.

४. साखळीवरची नोंद. गाण्याचा ठसा, अपलोड करणाऱ्याचं खातं, तारीख, वाटणीचे टक्के. आकाराने लहान, पण यावरच पुढचा हिशेब चालतो.

५. शोधयादी. साखळीवर थेट सर्च करणं फार संथ असतं. म्हणून साखळी वाचून झटपट शोधता येईल अशी यादी बनवणारे वेगळे सर्व्हर लागतात. ऑडियसमध्ये यांना 'डिस्कव्हरी नोड' म्हणायचे. नॅपस्टरची यादी एकच होती, इथे अनेक नोड तीच यादी स्वतंत्रपणे बनवतात. एक बंद पडला तर दुसऱ्याला विचारायचं.

यात चौथा थर सोडला तर बाकीचं सगळं साध्या सर्व्हर तंत्रज्ञानाच्या जवळचं आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

कोणती साखळी निवडायची?

कुणी गाणं 'लाइक' केलं, प्लेलिस्ट बनवली, गाणं वाजवलं, अशा नोंदी दिवसाला लाखोंनी होतात. इथेरियमची मुख्य साखळी सेकंदाला साधारण १५ व्यवहार करायची आणि २०२१ च्या गर्दीच्या काळात एका व्यवहाराची फी कित्येक डॉलरमध्ये जायची. पाच रुपयांच्या गाण्यासाठी पाचशे रुपये फी कोण भरणार?

ऑडियसने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आपलं टोकन आणि मतदानाची यंत्रणा इथेरियमवर सुरू केली. पण रोजच्या नोंदींसाठी एक स्वस्त, वेगळी साखळी वापरली आणि नंतर त्यातल्या काही सोलाना या वेगवान साखळीकडे नेल्या. सोलानावर फी अगदी नगण्य. पण वेगाचीही किंमत असते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी सोलानाची सगळी साखळी सुमारे १७ तास बंद पडली होती. 'बंद करायला एक ठिकाण नाही' हे वाक्य ऐकायला छान असलं, तरी प्रत्यक्षात कोणती साखळी निवडली यावर ते अवलंबून असतं.

पैशांची वाटणी कशी होते?

ब्लॉकचेनचा सगळ्यात सरळ फायदा इथे आहे. समजा एक गाणं ५० रुपयांना विकलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय: गायिका ३० टक्के, गीतकार २५, संगीतकार २५, ढोलकीवाला १०, मिक्सिंग करणारा १०. विक्री झाली त्याच क्षणी १५, साडेबारा, साडेबारा, ५ आणि ५ रुपये त्या त्या खात्यात जातात. सहा महिन्यांनी येणाऱ्या स्टेटमेंटची वाट बघायची गरज नाही. ढोलकीवाल्याला 'बघू, पुढच्या महिन्यात' हे ऐकावं लागत नाही. साथीदारांचे पैसे बुडवले जातात, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. त्यामुळे ही सोय छोटी मानू नका.

याचा पहिला गाजलेला प्रयोग ब्रिटिश गायिका इमोजेन हीप यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये केला. 'टायनी ह्यूमन' हे त्यांचं गाणं उजो म्युझिक या प्रकल्पातर्फे इथेरियमवर विकायला ठेवलं. पैसे आले की साथीदारांमध्ये आपोआप वाटले जायचे. यंत्रणा चालली, पण विक्री झाली फक्त १३३ डॉलरच्या आसपास. कारण गाणं विकत घ्यायला आधी ईथर विकत घ्या, वॉलेट बनवा, ते जोडा, एवढं सगळं करावं लागत होतं. वाटणी कितीही नीट असली, तरी ऐकणारा आलाच नाही तर वाटायचं काय?

आणखी दोन अडचणी आहेत. पहिली, टक्के चुकीचे टाकले किंवा एखादा कलाकार वारला तर? कॉन्ट्रॅक्टमध्ये बदलाची वाट आधीच ठेवावी लागते आणि तो बदल कुणाच्या सहीने होईल, हेही ठरवावं लागतं. दुसरी, गाणं वाजवल्याबद्दल टोकन मिळणार म्हटलं की बनावट खाती उघडून रात्रभर गाणी वाजवत ठेवणारे येतात. त्यांना पकडणं हे पुन्हा माणसांचं आणि साध्या सॉफ्टवेअरचंच काम.

ऑडियसचा उदय

रोनील रंबर्ग आणि फॉरेस्ट ब्राउनिंग यांनी २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऑडियस सुरू केलं. २०१९ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. इलेक्ट्रॉनिक संगीतातली मोठी नावं जोडली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये टिकटॉकशी जोडणी जाहीर झाली आणि ऑडियसवरची गाणी थेट तिथे पाठवता येऊ लागली. भारतात तोपर्यंत टिकटॉकवर बंदी आली होती, त्यामुळे आपल्याकडे याचा गवगवा झाला नाही. त्याच वर्षी केटी पेरी, नॅस यांच्यासारख्या कलाकारांनी गुंतवणूक केली.

ऐकणं फुकट, अपलोड फुकट, दर्जा ३२० केबीपीएस. प्रकल्पाचे निर्णय टोकनधारकांच्या मतदानाने होणार, असं ठरलं. ज्याच्याकडे जास्त टोकन, त्याचं मत जड.

जुलै २०२२: मतदान जिंकून झालेली चोरी

२३ जुलै २०२२ रोजी ऑडियसच्या सामुदायिक तिजोरीतून १ कोटी ८५ लाखांहून जास्त टोकन गेले. बाजारभावाने किंमत सुमारे ६० लाख डॉलर. चोराने ते घाईघाईत विकले, एवढी मोठी विक्री एकदम आल्यामुळे भाव कोसळला आणि त्याच्या हातात साधारण १० लाख ८० हजार डॉलरचे ईथर आले.

हे कसं झालं? एकदा साखळीवर टाकलेला कोड बदलता येत नाही. म्हणून अनेक प्रकल्प एक युक्ती करतात. पुढे एक 'दरवाजा' कॉन्ट्रॅक्ट ठेवतात, माहिती त्याच्याकडे असते आणि खरा कोड मागे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असतो. सुधारणा करायची तर मागचा कोड बदलून दरवाजाला नवा पत्ता द्यायचा.

ऑडियसमध्ये गोंधळ असा झाला की, पुढच्या आणि मागच्या कॉन्ट्रॅक्टने माहितीचा एकच कप्पा दोन वेगळ्या कामांसाठी वापरला. एकाने त्यात व्यवस्थापकाचा पत्ता ठेवला. दुसरा तोच कप्पा 'सुरुवातीची मांडणी झाली आहे का?' हे बघण्यासाठी वाचत होता. त्याला चुकीचं उत्तर मिळत गेलं. त्यामुळे जे मांडणीचं काम आयुष्यात एकदाच व्हायला हवं होतं, ते पुन्हा करता येऊ लागलं. चोराने ते केलं, मतदानाचे नियम आपल्या सोयीने लिहिले, स्वतःच्या नावावर १० लाख कोटी टोकनांचं मतबळ नोंदवलं आणि 'तिजोरीतले टोकन मला द्या' हा ठराव रीतसर मंजूर करून घेतला. एकूण टोकन किती होते? सुरुवातीला १०० कोटी. म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या मतांवर निवडणूक जिंकली गेली.

हा कोड ऑक्टोबर २०२० पासून चालू होता आणि नामांकित संस्थांनी तो तपासलेलाही होता. तरी दोष जवळपास दोन वर्षं कुणाच्या नजरेत आला नाही. साखळीने मात्र आपलं काम चोख केलं. चोराचा प्रत्येक व्यवहार कायमचा, सगळ्यांना दिसेल असा नोंदवला. टीमने काही तासांत कॉन्ट्रॅक्ट थांबवले आणि दुरुस्ती केली. ही दुरुस्ती करता आली, याचाच अर्थ अडीअडचणीला सूत्रं हातात घेऊ शकणारं कुणीतरी होतं. असं कुणी असणं चांगलं की वाईट, यावर या क्षेत्रात आजही एकमत नाही.

सगळ्यात कठीण प्रश्न: गाणं कुणाचं?

२०१९ मध्ये ऑडियस खुलं झालं तेव्हा थोड्याच दिवसांत मोठ्या कलाकारांची गाणी परवानगीशिवाय त्यावर दिसू लागली आणि बातम्या झाल्या. 'आमच्याकडे एक सर्व्हर नाही' हे तांत्रिक वैशिष्ट्य एकदम अडचण ठरलं. गाणं काढा म्हणून सांगायचं कुणाला?

इथे ठसा उपयोगी पडत नाही. चोरलेल्या गाण्याची सुरुवातीची एक सेकंदाची शांतता कापली तरी हॅश पूर्ण बदलतो. गाणं तेच आहे हे ओळखायला आवाजाची तुलना करणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आणि ते ओळखलं तरी मूळ मालक कोण, हे साखळी सांगू शकत नाही. साखळी एवढंच सांगते की अमुक खात्याने अमुक वेळी ही फाइल पहिल्यांदा नोंदवली. आधी येऊन खोटी नोंद करणारा तिथे पहिला ठरतो. सातबाऱ्यावर चुकीचं नाव चढावं आणि ते कधीच खोडता येऊ नये, तसं.

आपल्याकडचं एक उदाहरण बघा. जात्यावरच्या ओव्या कुणाच्या? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा संग्रह आता 'पारी' या संकेतस्थळावर हळूहळू प्रसिद्ध होतो आहे. त्यात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव येतं. ते श्रेय टिकलं, कारण कुणीतरी तिच्या घरी गेलं, विचारलं आणि लिहून घेतलं. उद्या त्यातली एक ध्वनिफीत उतरवून कुणी आपल्या नावाने साखळीवर नोंदवली, तर साखळी ती बिनबोभाट स्वीकारेल.

भारतात असं ॲप बनवायचं तर

भारतीय कायद्यात एका गाण्यात अनेकांचे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला हक्क त्यांना सहज लिहून देता येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था मुंबईत आहे. म्हणजे तुमच्या कॉन्ट्रॅक्टमधले टक्के कायद्याशी आणि आधीच्या करारांशी जुळायला हवेत. नाहीतर वाटणी आपोआप होईल, पण चुकीची.

याशिवाय काही गोष्टी आधीच माहीत असायला हव्यात.

- काढून टाकण्याची मुदत: कॉपीराइटधारकाने लेखी तक्रार केल्यावर मध्यस्थाने ३६ तासांत त्या मजकुरापर्यंतची वाट बंद करावी, असं २०१३ चे कॉपीराइट नियम सांगतात. कोर्टाचा आदेश आला नाही तर २१ दिवसांनी ती पुन्हा खुली करता येते. साखळीवरची नोंद ३६ तासांत काय, ३६ वर्षांतही पुसता येत नाही. त्यामुळे नोंद राहिली तरी गाणं वाजणार नाही, अशी सोय ॲप आणि नोडच्या पातळीवर आधीच करावी लागते.

- कर: क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेवरच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा वजा करता येत नाही. जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएसही आहे. कलाकाराला टोकनमध्ये पैसे देताना हे ओझं त्याच्यावर येतं. मार्च २०२३ पासून अशा सेवा पुरवणाऱ्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदाही लागू झाला.

- टोकनचं कायदेशीर रूप: अमेरिकेत एलबीआरवाय या फाइल वाटणाऱ्या ब्लॉकचेन प्रकल्पावर तिथल्या शेअर बाजार नियामकाने २०२१ मध्ये खटला भरला. नोंदणी न करता गुंतवणुकीचा रोखा विकल्यासारखंच त्यांनी टोकन विकलं, असा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला. कंपनीने पुढच्या वर्षी गाशा गुंडाळला.

- खासगीपणा: कोणतं खातं काय ऐकतं हे जाहीर वहीत लिहिलं तर ते कायमचं जाहीर राहतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती खोडून मागण्याचा हक्क देतो. म्हणून वैयक्तिक माहिती साखळीवर टाकूच नये, हा साधा नियम.

मग ब्लॉकचेन लागतं का?

बनवायला घेण्याआधी हे चार प्रश्न विचारून बघा.

१. पैसे वाटून घेणारे लोक एकमेकांवर विश्वास ठेवतात का? ठेवत असतील तर साधा लेखी करार आणि बँक खातं पुरेसं आहे. ठेवत नसतील तर स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा खरा उपयोग होईल.

२. फाइली पाच वर्षांनी कोण सांभाळणार आणि त्याला पैसे कुठून मिळणार? याचं उत्तर 'टोकनचा भाव वाढेल' असं असेल तर ते उत्तर नाही.

३. खोटी नोंद झाली तर तक्रार कुणाकडे करायची, निर्णय कोण देणार? हे नाव ॲपवर ठळक लिहिता येतं का?

४. क्रिप्टो हा शब्दही माहीत नसलेल्या ऐकणाऱ्याला यूपीआयइतकं सोपं वाटेल का?

पहिल्या प्रश्नावर ब्लॉकचेन पास होतं. दुसऱ्यावर अर्धवट. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला त्याच्याकडे स्वतःचं उत्तर नाही. ते माणसांनाच द्यावं लागतं, तक्रार ऐकणाऱ्या, तपासणाऱ्या आणि चूक दुरुस्त करणाऱ्या माणसांना.

कलाकार म्हणून तुम्ही असं एखादं ॲप वापरणार असाल, तर तीन कामं मात्र नक्की करा. मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत स्वतःकडे ठेवा, साथीदारांबरोबरची वाटणी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि वॉलेटची गुप्त किल्ली दोन सुरक्षित ठिकाणी जपून ठेवा. ॲप बंद पडलं तरी या तीन गोष्टी तुमच्याजवळ राहतील.